मिरगाचा कोंबडा

बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाने कोंबड्या पाळू नयेत, असं माझं आता ठाम मत झालं आहे. कोंबड्यांचं त्यात काही बिघडत नाही. त्या आपल्या चरतात, हगतात, आरवतात. बिघडतं ते वहीचं. नोकरीतून सुटल्यावर मी ठाण्याची जागा मुलीच्या स्वाधीन केली आणि कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. आल्याच्या चौथ्या दिवशी बाजारातून दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर ‘कोंबडी खातं’ असं लिहिलं. खाली दोन रकाने, जमा आणि नावे. तेव्हा घरात एकही कोंबडी नव्हती. पण खातं उघडल्याशिवाय व्यवहार सुरू करायचा नाही, ही हाडीमाशी खिळलेली सवय.

बेत साधा होता. अंड्यांचा मोह नव्हता. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तीही स्वतःच्या सोयीने. मला हवा होता कोंबडा, आणि तो खाण्यासाठी. ठाण्याला तीस वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘स्किन काढून, बारीक पीस’ असं सांगून आणलेलं पांढरं मांस खाल्लं. ते वाईट नव्हतं. खरं म्हणजे ते काहीच नव्हतं. मसाल्याला धरायला काहीतरी लागतं म्हणून ते होतं. लहानपणची चव वेगळी होती असं मी सगळ्यांना सांगायचो, पण मनातून माझा त्या चवीवर भरवसा नव्हता. तेव्हा नऊ माणसांत एक कोंबडी व्हायची आणि माझ्या वाट्याला मानेचा तुकडा नि वाटीभर रस्सा यायचा. ती चव कोंबडीची होती की भुकेची, हे एकदा तपासून बघायचं होतं.

आमच्या घराचे दोन भाग आहेत. मधल्या भिंतीपलीकडे काकी राहते. पंच्याहत्तरी ओलांडलेली, लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिच्या दारात कोंबड्या आहेत. कधी चार, कधी वीस. किती, ते तिला विचारायचं नाही. मी विचारलं होतं.

“मोजतंस कित्याक? मोजल्यार कमी जातत.”

हे वाक्य मी अनेक कर्जदारांच्या तोंडून वेगळ्या शब्दांत ऐकलेलं होतं, म्हणून दुर्लक्ष केलं. तिचा सल्ला न घेता चिऱ्याचं पक्कं खुराडं बांधून घेतलं. वर कौलं, पुढे जाळी, मुंगूस शिरू नये म्हणून खाली कोबा. खर्च सात हजार दोनशे. तिची कोंबडी पडवीच्या कोपऱ्यात एका फुटक्या डालग्याखाली झोपायची.

पहिली पंचवीस पिल्लं मी मोटारसायकलवरून फिरणाऱ्या एका विक्रेत्याकडून घेतली. ‘शंभर टक्के गावठी’ असं तो म्हणाला. मी कागद मागितला नाही. चौतीस वर्षांत प्रथमच तारण न बघता पैसे दिले आणि फळ लगेच मिळालं. काकी कुंपणापाशी उभी राहून पिल्लांकडे बघत होती. आकाशात एक घार फिरत होती. पिल्लं आपली दाणे टिपण्यात गर्क.

“ह्येंका घार कळणा नाय,” ती म्हणाली. “मशीनीची पिला ही.”

भाद्रपदातली ओल, त्यात माझं खुराडं नवं, खालचा कोबा दमट. चौदा पिल्लं रक्ती हगवणीने गेली. उरलेली अकरा झपाट्याने वाढली, फार झपाट्याने. जाड पाय, रुंद छाती, चालताना फेंगडी. पोतंभर खाद्य संपवून दसऱ्याला दीड-दीड किलोची झाली. बाजारात ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तो माल. तांबडं पीस दिसलं की शहरी माणूस त्याला गावठी म्हणतो, आणि मी कुडाळात जन्मलेला असलो तरी त्या बाबतीत शहरीच होतो. त्या अकरांचं काय झालं ते वहीच्या दुसऱ्या पानावर आहे. ते पान मी कुणाला दाखवत नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि काकीची एक कोंबडी खुडूक झाली. खुडूक कोंबडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: पिसं फुलवून घरट्यात ठाण मांडते, जवळ गेलं की घशातून गुरगुरते, आणि अंडी घालणं बंद करते. व्यापारी पोल्ट्रीत हा स्वभाव दोष धरतात. पिढ्यानपिढ्या निवड करून तो जवळजवळ काढूनच टाकला आहे. कोंबडी पिल्लांत रमली की कारखाना बंद पडतो. गावठी कोंबडीची सगळी किंमत मात्र या एका दोषात आहे. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, वीज गेल्याची तक्रारही नाही.

काकीने पेंढ्यावर अकरा अंडी मांडली. विषमच हवीत. कोपऱ्यात एक लोखंडी खिळा ठेवला, गडगडाटाने अंडी वाया जाऊ नयेत म्हणून. नोव्हेंबरात कुठला गडगडाट, असं मी विचारलं नाही. सातव्या रात्री मात्र मी माझी पद्धत वापरली. मोबाइलची बॅटरी लावून एकेक अंडं तिच्यावर धरलं. नऊ अंड्यांत कोळ्यासारखं लाल जाळं दिसलं, मधे एक ठिपका हलत होता. दोन रिकामी निघाली. रिकामी अंडी बाहेर काढताना कोंबडीने माझ्या मनगटाचं कातडं सोलून काढलं. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं स्वागत कुठल्याही शाखेत असंच होतं.

एकविसाव्या दिवशी नऊच्या नऊ फुटली. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. पिल्लू बाहेर येण्याआधी अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यामुळे पहिले दोन दिवस त्याला काही खायला लागत नाही. त्या दोन दिवसांत आई त्याला जग दाखवते. मी पडवीत खुर्ची टाकून बसलो होतो. कोंबडीने काजूच्या वाळल्या पाल्यात दोनदा मागे उकरलं, एक पाऊल मागे सरली, मान वाकडी करून एका डोळ्याने बघितलं, काहीतरी उचललं आणि पुन्हा खाली टाकलं. टुक टुक टुक. नऊ पिल्लं धावली. तिने पुन्हा उचललं, पुन्हा टाकलं. ते वाळवीचं पांढरं पोर होतं. एका पिल्लाने ते चोचीत धरलं, त्याला काय करावं कळेना, ते घेऊन पळत सुटलं आणि बाकीची आठ त्याच्यामागे. त्या धडपडीत वाळवी हरवली. कोंबडी शांतपणे पुढचं पान उकरायला लागली.

मग घार आली. कोंबडीने एकच लांब चिरका आवाज काढला आणि अंगण रिकामं झालं. पिल्लं पानाखाली, दगडाच्या कडेला, आईच्या पंखात, जिथे होती तिथे मुडपून बसली. मुंगूस दिसलं तर ती वेगळं ओरडते, तुटक, कट्‌कट्‌कटाक, आणि तेव्हा पिल्लं बसत नाहीत, पळतात. वरून येणारा शत्रू आणि जमिनीवरून येणारा, दोघांसाठी कोंबडीचे शब्द वेगळे आहेत. हे शास्त्रज्ञांनी रीतसर ध्वनिमुद्रण करून सिद्ध केलेलं आहे. काकीला ध्वनिमुद्रण लागलं नाही. ती चुलीपाशी बसून आवाजावरून सांगते, “मुंगूस इलो, बघ.”

तरी नुकसान व्हायचं ते झालंच. एक पिल्लू आईच्याच पायाखाली सापडलं. दोन घारीने नेली, एक मुंगसाने. मी वहीत ‘बुडीत’ असा तिसरा रकाना आखला.

मधे लसीचं प्रकरण झालं. कोंबड्यांच्या ज्या रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, त्याचं पुस्तकी नाव राणीखेत. 1920च्या दशकात त्या थंड हवेच्या गावी साथ आली आणि गावाचं नाव रोगाला चिकटलं. त्याच सुमारास इंग्लंडात न्यूकॅसलला आली म्हणून तिकडे तो न्यूकॅसलचा. दोन्ही गावांनी काय पाप केलं होतं कोण जाणे. रोग आला की माना पिरगळतात, हिरवी हगवण लागते आणि आठवड्यात वाडी ओस पडते. सातव्या दिवशी डोळ्यात लसीचा एक थेंब टाकला की बराचसा बचाव होतो. पण कुपी येते शंभर पिल्लांची. एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, आणि ती थंड राहिली पाहिजे. माझ्याकडे पिल्लं आठ. तेव्हा थर्मासात बर्फ घेऊन मी संध्याकाळी वाडीभर फिरलो. चौतीस वर्षं लोकांच्या दारी वसुलीला गेलो. देण्यासाठी जाण्याची ही पहिलीच वेळ. चौदा घरं झाली. एका घरी चहा, एका घरी सोलकढी, आणि एका आजोबांनी स्वतःच्या डोळ्यात पण थेंब टाकतोस का म्हणून विचारलं. त्यांना मोतीबिंदू होता.

आता खाण्याकडे येतो, कारण खरा वाद तिथे झाला.

पिल्लांना पहिले सहा आठवडे मी पोत्यातला चुरा घातला. त्यावर काकीचं काही म्हणणं नव्हतं. पण पुढेही मी मोजून घालत राहिलो. सकाळी माणशी तीस ग्रॅम, संध्याकाळी तीस, म्हणजे कोंबडीशी. दर रविवारी त्यांना कापडी पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचो. ब्रॉयलर चाळीस दिवसांत दोन किलो भरतो आणि तेवढ्यासाठी साडेतीन किलोच्या आसपास खाद्य खातो. माझी पोरं चाळीस दिवसांची झाली तेव्हा तीनशे ग्रॅमच्या आत होती. सहा महिने पोत्यातलंच घालायचं तर एकेकाला आठ-नऊ किलो लागणार, असा हिशोब निघाला. दीड किलोच्या कोंबड्यासाठी नऊ किलो खाद्य! असा कर्जाचा प्रस्ताव कुणी समोर ठेवला असता तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता.

काकी एक दिवस वही घेऊन बसलेल्या माझ्याकडे बघत म्हणाली, “खाणा घालूचा ता पोट भरूक न्हय रे. घर वळखूक.”

तिची पद्धत अशी. दिवस उगवला की डालगं उचलायचं आणि विसरायचं. कोंबड्या शेणाच्या खड्ड्यावर जातात, गोठ्यामागे जातात, माडांच्या आळ्यात, काजूच्या पाल्यात. किडे, गोम, गांडूळ, गवताचं बी, कोवळा पाला, भाताच्या मळणीत सांडलेले दाणे. अधूनमधून ती एका जुन्या मडक्यात ओलं शेण आणि पेंढा भरते आणि संध्याकाळी वाळवीच्या जागेवर पालथं घालते. सकाळी मडकं वाळवीने भरलेलं असतं. ते अंगणात आपटलं की दहा मिनिटांत साफ. घरी तिसऱ्या खाल्ल्या की टरफलं दगडाने फोडून टाकते, ती अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना चुन्यासाठी. आणि दिवे लागायच्या आधी ओंजळभर कणी. “बा… बा… बा…” अशी हाक घालते आणि पाच मिनिटांत सगळं वाडीभर पांगलेलं धन दारात. त्या ओंजळीत कुणाचंच पोट भरत नाही. पण ती चुकली तर कोंबड्या आंब्यावर चढून झोपतात, आणि आंब्यावर झोपलेली कोंबडी ही रानमांजराची ठेव असते.

म्हणजे खाद्याचं बिल जवळजवळ शून्य. फक्त वेळ लागतो. वहीत वेळेला रकाना नव्हता.

मी जानेवारीत पोतं बंद केलं. कोंबड्यांना फरक पडला नाही. मला सकाळी रिकामं वाटायला लागलं, म्हणून वाचन वाढवलं, आणि वाचनातून काही गोष्टी कळल्या ज्यांनी माझा तोरा थोडा उतरला. ब्रॉयलरला मी परका समजत होतो. पण 1948 साली अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ शोधण्याची एक मोठी स्पर्धा झाली, तिच्यात कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हॅन्ट्रेसने आणलेला संकर पहिला आला. त्याच्या कोंबड्याचा बाप होता कॉर्निश जातीचा. आणि हा कॉर्निश, ज्याला इंग्रज पूर्वी ‘इंडियन गेम’ म्हणत, तो कॉर्नवॉलमध्ये तयार झाला आपल्याकडून नेलेल्या असील कोंबड्यांच्या रक्तातून. असील म्हणजे आंध्र-छत्तीसगडचा झुंजीचा कोंबडा, उंच मानेचा, पैलवानी छातीचा. ठाण्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी तीस वर्षं जी छाती ‘बारीक पीस’ करून आणत होतो, तिच्यात आपल्याच एका पैलवानाचा अंश होता. फक्त त्याला चाळीस दिवसांपलीकडे जगायची परवानगी नव्हती.

दुसरी गोष्ट कातड्याची. गावठी कोंबडी सोलली की तिचं कातडं हळद लावल्यासारखं पिवळं दिसतं. डार्विनचा समज होता की जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्या लाल रानकोंबड्यापासून आल्या. पण 2008 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिवळ्या कातड्याचा गुण आला तो करड्या रानकोंबड्याकडून. हा करडा रानकोंबडा म्हणजे आपला, दख्खनचा आणि सह्याद्रीचा. पहाटे आमच्या मागच्या रानात जो आरवतो तोच. काकीला हे सांगितलं. ती म्हणाली, “मगे? आमच्या तलंगी जाततच रानाक.” स्वीडनला उगाच त्रास झाला.

कडकनाथचा मोह मलाही झाला होता, लपवत नाही. झाबुआच्या भिल्लांचा हा काळा कोंबडा. कातडं काळं, तुरा काळा, मांस नि हाडंसुद्धा काळसर. त्याला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि मग आपल्याकडे त्याची लाटच आली. पिल्लं घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेतो, असं सांगणाऱ्या योजना निघाल्या आणि 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या कित्येक शेतकऱ्यांचे पैसे त्यात बुडाले. कोंबडा बिचारा निर्दोष. झाबुआत तो भिल्लांच्या झोपडीभोवती चरून वाढत होता. त्याला परतीच्या खरेदीचा करार कुणी वाचून दाखवला नव्हता. माझ्या अनुभवाने सांगतो, ज्या धंद्यात विकणाराच परत घेतो म्हणतो, तिथे कोंबडा काळा आहे की गोरा हे बघायची गरज नसते.

एप्रिलपर्यंत माझ्याकडे पाच उरले. दोन कोंबडे, तीन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या. तेव्हा काकी सहज म्हणाली की वाटणी कधी करतोस. कसली वाटणी? तर कोंबडी तिची, अंडी तिची, मी फक्त सांभाळ केलेला. म्हणजे पिल्लं अर्ध्या वाट्याची. अशी रीत आहे, सगळ्या वाडीला ठाऊक आहे. मी अटी न वाचता सही केली होती. पाचाचे दोन भाग होत नाहीत, तेव्हा वडीलधारी म्हणून तिने स्वतःच निवाडा केला. दोन तलंगा तिने घेतल्या, म्हणजे उत्पन्न देणारी मालमत्ता, आणि एक तलंग नि दोन कोंबडे माझ्याकडे ठेवले, म्हणजे खर्च.

कोंबड्यांतला एक तांबडा, अंगाने भरलेला, एक किलो सहाशे. दुसरा काळा-पिवळा ठिपक्यांचा, जेमतेम किलो तीनशे. माझ्या वहीत उत्तर स्पष्ट होतं. तांबडा वंशाला ठेवायचा, ठिपक्या खायचा. वजनदाराचं बियाणं ठेवायचं, हे कुठलंही पुस्तक सांगेल.

काकीने उलट सांगितलं. आणि तिने जे दाखवलं ते मी इतके महिने रोज बघत असून पाहिलं नव्हतं. ठिपक्याला काही सापडलं की तो थांबतो, चोचीत उचलून खाली टाकतो, आईने त्याला शिकवलं होतं तसं टुक टुक करतो, आणि तलंग धावत येऊन खाते. तांबडा सापडलेलं गिळतो. कधी कधी तर तोही टुक टुक करतो, तलंग धावत येते, तिथे काहीच नसतं. तो वजनदार का, तर एकटा खातो म्हणून. आमच्या खात्यात अशा माणसांना बढती मिळायची.

“त्येका मिरगाक,” काकी म्हणाली.

मिरग म्हणजे मृग नक्षत्र, जूनच्या सात-आठ तारखेला लागतं. आमच्याकडे त्या दिवशी घरोघर गावठी कोंबडा आणि वडे. मिरग राखायचा म्हणतात. एकदा पेरणीच्या चिखलात पाय पडला की महिनाभर कुणाला धड जेवायला फुरसत नसते, पुढे श्रावण उभाच. त्या आठवड्यात कुडाळच्या बाजारात गावठीचा भाव असा चढतो की विकणारा किलोचं नाव काढत नाही, नगावर बोलतो. डिसेंबरात फुटलेलं पिल्लू मिरगाला बरोबर सहा महिन्यांचं होतं. काकीने नोव्हेंबरात कोंबडी बसवली ती हा हिशोब करून. तिच्याकडे वही नाही.

मुलगी आणि जावई आदल्या दिवशी ठाण्याहून आले होते. मिरगाच्या सकाळी सातला मी कोंबडा धरायला अंगणात उतरलो. जावई मदतीला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा जिवंत कोंबडा जवळून पाहिला असावा. तो त्याला “अहो, इकडे या” असं म्हणत होता. तांबड्याने आम्हाला गोठ्याभोवती दोन फेऱ्या घालायला लावल्या, मग विहिरीच्या कठड्यावर, तिथून पडवीच्या कौलांवर, आणि शेवटी फणसाच्या दुसऱ्या फांदीवर. तिथून आरवला. माझा गुडघा सुजला, जावयाचा चष्मा शेणाच्या खड्ड्यात सापडला.

“कोंबो रातीक धरूचो,” काकी दारातून म्हणाली. “दिवसाचो तो राजा.”

कोंबडीला अंधारात दिसत नाही. रात्री खुराड्यात हात घालून उचलला की हूं की चूं करत नाही, डालग्याखाली ठेवला की सकाळी हाताशी. हे जगात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. शेवटी काकीने “बा… बा… बा…” केलं, ओंजळीत कणी धरली. तो एकटा खाणारा, सगळ्यांच्या आधी खाली उतरला.

कापायला काकीचा नातू आला. मी पंप बघून येतो म्हणून निघालो होतो. काकीने तिथल्या तिथे थांबवलं.

“पाय घट धर.”

मी पाय धरले. पिवळे, खवल्यांचे, टाचेला नख फुटत आलेलं. मी त्यांचं वजन पंचवीस रविवार केलं होतं, पण पिशवीतून. हातात कधी घेतले नव्हते. गरम होते. माणसाच्या तापलेल्या कपाळाएवढे गरम. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा ऊनच असतं. नातवाचा हात चालला. पायांतली ओढ एकदा जोरात आली, मग दोनदा हळू, मग मीच धरून उभा होतो. नातू म्हणाला, “काका, सोडा आता.”

बाकीचं झटपट. कढत पाण्यात बुडवून पिसं काढली, वाळलेल्या चुडत्यांच्या जाळावर अंग भाजून घेतलं, हळद चोळली. कातडं पिवळंधमक. काकी पेटा साफ करायला बसली. पेटा म्हणजे कोंबडीची दाढ. तिला दात नाहीत, म्हणून ती खडे गिळते आणि पेट्यात दाणे दळते. तिने तो उभा चिरला आणि आतलं ताटलीत पालथं केलं. चिऱ्याचे तांबडे खडे, शिंपीचा तुकडा, एक गुंज, हिरवी काच, आणि एक पिवळा चमकता कण. तिने तो धुऊन हातावर घेतला.

“सूनबाय, ही कोणाची गो?”

बायकोच्या कानातल्याची फिरकी. होळीच्या सुमारास अंगणात हरवली होती. तीन दिवस आम्ही चाळणीने माती चाळली होती. दळून दळून ती निम्मी झाली होती, पण सोनं. सोन्याचं अंडं देणारी कोंबडी गोष्टीत असते. माझ्याकडचा सोनं खाणारा निघाला. जमेच्या रकान्यातली ती पहिली नोंद.

कोंबडा चुलीवर शिजायला पावणेदोन तास लागले. जावई मधेमधे येऊन शिट्ट्या किती झाल्या विचारत होता. शिट्ट्या नव्हत्याच, पितळी टोप, वर पाण्याचं झाकण, खाली काजूची लाकडं. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप शेवटी पडलं. तांदूळ-उडदाचे, मेथी-धणे घातलेले वडे मुलीने तळले, काकीच्या देखरेखीखाली, म्हणजे प्रत्येक वड्याला एक टोमणा. बाहेर ढग भरून आले होते, पाऊस नव्हता.

जावयाने पहिला घास घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं भारावला. तो चावत होता.

“छान आहे,” तो म्हणाला. “जरा… घट्ट आहे ना?”

घट्ट होतंच. सहा महिने जो पाय वाडीभर धावला, फणसावर चढला, तो तोंडात विरघळायचा नाही. मांसाच्या धाग्याला धागा होता, हाडाला चव होती, आणि रस्स्यावर जो पिवळा तवंग आला होता त्याला खोबऱ्याच्या पलीकडचा एक वास होता. गवताचा म्हणा, उन्हाचा म्हणा. मी मुद्दाम मानेचा तुकडा घेतला. लहानपणी भूक होती हे खरं. पण चव कोंबडीचीच होती. एवढं तपासून झालं.

रात्री वही उघडली. खुराड्याचे सात हजार दोनशे, खाद्य एक हजार तीनशे चाळीस, लस आणि थर्मास चारशे ऐंशी. एकूण नऊ हजार वीस. दोन कोंबड्यांत वाटले तर नगी चार हजार पाचशे दहा. खुराड्यावर दहा वर्षांचा घसारा धरला तर नगी एक हजार दोनशे सत्तरवर येतं. फिरकी वजा केली तर तांबडा जवळपास फुकट पडला, पण फिरकी मुळात आमचीच होती, त्यामुळे लेखापरीक्षक ती मान्य करणार नाही. मी बरीच वजाबाकी करून पाहिली आणि नाद सोडला. उरलेल्या पानांवर आता बायको दुधाचा हिशोब लिहिते.

सध्या ठिपक्या आहे, तलंग अंड्यावर आली आहे आणि काकीने तिच्या दोन तलंगांतली एक मला परत दिली आहे, पुन्हा वाट्याने. पुढच्या मिरगाला यायचं असेल तर जरूर या. फक्त आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत कळवा, कोंबडा रात्रीच धरावा लागतो.